शिवराक म्हणजे शाकाहारीच का?

सावंतवाडीची लेक: वेंगुर्ल्याजवळ मावसभावाची घरगुती खाणावळ आहे, तिचं जेवणाचं पत्रक मी मराठीत करतेय. हल्ली येणारे पाहुणे 'वीगन काय मिळेल?' असं विचारतात. काळ्या वाटाण्याचं सांबारं, ओल्या काजूगरांची उसळ, कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, नीरफणसाची कापं, सोलकढी... यात दूध, तूप, दही काहीच नाही. सगळं नारळावर आणि खोबरेलावर. मी या यादीवर 'शिवराक' असं शीर्षक दिलं. रत्नागिरीचे एक परिचित म्हणाले, हा शब्द मराठी नाहीच, गोव्याचा आहे, 'शुद्ध शाकाहारी' लिहा. पण शुद्ध शाकाहारात दूध-तूप आलंच की. तर शिवराक मराठी मानायचा का, आणि वीगनसाठी तो चालेल का?

मालवणी माणूस: मराठी नाही म्हणजे काय? आमची आजी दर आठवड्याला म्हणायची, "आज सोमवार मा, शिवराक असा." त्या दिवशी निस्त्याची, म्हणजे मासळीच्या कालवणाची तवली चुलीकडे फिरकतही नसे, शिवराकाची भांडी वेगळी. ताई, एक लक्षात घ्या, आमच्या घरात माणूस शिवराक नव्हता, दिवस शिवराक असायचा. मंगळवारी तोच माणूस बांगड्याचं तिखलं ओरपायचा.

पणजीहून: गोव्यात माणसालाही म्हणतात, 'तो शिवराक'. ख्रिस्ती घरांतही हाच शब्द आहे. 'शिव-आहार'वरून आला असं माझे वडील सांगत.

व्याकरणप्रेमी: 'शिव-आहार' हे कानाला गोड लागतं, पण शेवटचा 'क' कुठून आला ते वडिलांनी सांगितलं का? प्रमाण मराठीत या अर्थाचा नेमका शब्द आहे, 'निरामिष'. आमिष म्हणजे मांस. गळाला लावतात तेही आमिष, आणि म्हणूनच 'आमिष दाखवणे'. इतका घडीव शब्द असताना बोलीतला शब्द छापील पत्रकावर कशाला? 'वीगन' तर नकोच.

खरगपूरला होतो: निरामिष बंगाल्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे, पण तिकडे त्यात बहुधा कांदा-लसूणही चालत नाही, आणि दूध-तूप बिनधास्त चालतं. म्हणजे ताईंची अडचण तशीच राहते. जाता जाता, कोवळ्या फणसाला ते 'गाछपाठा' म्हणतात, झाडावरचा बोकड. कुयरीच्या भाजीला याहून मोठी पावती नाही.

अलिबागची सून: आमच्याकडे शिवराक कुणाला कळणार नाही. आमच्याकडे 'तिखटाचं' आणि 'गोडाचं'. गौरीला काही घरांत तिखटाचा नैवेद्य असतो, म्हणजे मटण किंवा मासे. परगावच्या जावेला वाटलं, मिरची जास्त घालायची! वालाचं बिरडं कितीही झणझणीत करा, ते तिखटाच्या जेवणात धरत नाहीत.

देवगडची: मी मासे सोडले त्याला बरीच वर्षं झाली, म्हणून मनापासून लिहिते. वर आलेले शब्द पुन्हा वाचा. शिवराक वार पाहतो, निरामिष ताट पाहतो, गोडाचं-तिखटाचं नैवेद्य पाहतं. सगळे शब्द खाणाऱ्याचं सोवळं सांभाळतात. ज्याला मारलं त्याचा विचार यातल्या एकाही शब्दात नाही. 'वीगन' हा शब्द 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी मुद्दाम घडवला, कारण 'शाकाहारी' म्हणवणारे दूध-अंडी खात होते आणि त्यामागच्या जनावरांचं काय, हे कुणी बोलत नव्हतं. आपण गाभोळी मिळाली की घरभर आनंद करतो. गाभोळी म्हणजे काय? मासळीच्या पोटातली अंडी. मला ते दिसायला लागलं आणि घास उतरेना. हे सांगायला मराठीत शब्द हवा. सोमवारचा शब्द मला पुरत नाही.

हर्णै बंदर: ताई, तुमच्या भावनेचा मान राखून लिहितो. माझ्या घरातली तीन माणसं बोटीवर असतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, ती मासळीच्या विणीसाठीच. कायदा नव्हता तेव्हाही पावसात होड्या वर ओढलेल्या असत, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय बाहेर पडत नसत. म्हणजे 'ज्याला मारलं त्याचा विचार' आमच्यात अजिबात नव्हता असं कसं म्हणता? आमचा राग पर्ससीनच्या मोठ्या जाळीवर आहे, ती बोटभर पिल्लंसुद्धा उचलते. कोळ्याच्या तोंडातल्या 'म्हावऱ्या'त जगणं आहे. पत्रकावर कुठलाही शब्द लिहा, पण शेजारच्या ताटातलं म्हावरं पाप आहे असं वाटायला लावू नका.

देवगडची: पाप मी म्हटलं नाही, दादा. आणि होड्या वर ओढायच्या त्या खवळलेल्या समुद्रामुळेही, हेही खरं ना?

हर्णै बंदर: दोन्हीमुळे.

लेबल वाचणारा: माहितीसाठी: अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2022 मध्ये वीगन अन्नाचे वेगळे नियम केले, चिन्हही वेगळं. नेहमीचा हिरवा ठिपका दूध आणि मध चालवून घेतो. म्हणून पत्रकावर 'शाकाहारी' लिहून भागणार नाही. सोलकढीखाली 'नारळाचं दूध' लिहिलंत तर पाहुणा दचकेल, तेही बघा.

व्याकरणप्रेमी: नारळाचा 'रस' म्हणा. दूध सस्तन प्राण्याचं.

मालवणी माणूस: आमच्या आईने जन्मभर रसच म्हटलं, पण रुईच्या चिकालाही दूध म्हणतात की नाही? मग नारळाचं का नको? आता खरी गंमत ऐका. 'सागोती', कोंबडी-वड्यांबरोबरची, ती मूळची 'शाक'वरून असावी असं माझं ठाम मत आहे. गोव्याची 'शाकुती' पाहा. म्हणजे भाजीच्या शब्दावर मटण चढलं!

पणजीहून: शाकुतीची फोड आमच्याकडेही अशीच करतात, शाक आणि कुटणं. पुरावा मात्र कुणी दाखवलेला मी पाहिला नाही.

व्याकरणप्रेमी: ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

मालवणी माणूस: मग 'शाक' म्हणजे नेमकं काय, तेवढं सांगा.

व्याकरणप्रेमी: संस्कृतात शाकाचे दहा प्रकार सांगणारा श्लोक आहे: मूळ, पान, अंकुर, फळ, खोड, साल, फूल वगैरे, आणि शेवटी कवक. म्हणजे अळंबी शाकातच आली.

अलिबागची सून: आमच्या सासूबाई सोमवारी अळंबी शिजवू देत नसत! म्हणत, तिला मटणाचा वास येतो.

मालवणी माणूस: आमच्याकडे मिरगानंतर रोवणाची, म्हणजे वारुळावरची अळमी मिळाली की तिचीही सागोतीच्या वाटपात आमटी होते, वार असला तरी. सासूबाईंच्या माहेरचा गाव कुठला? हा फरक खाडीच्या कुठल्या बाजूला सुरू होतो ते पाहायला हवं.

अलिबागची सून: मुरुडकडचं. पण त्यांच्या जाऊबाई श्रीवर्धनच्या, त्या खात.