भाड्याचं घर, खिळा न ठोकता सजवायचं आहे

सहा चित्रं
नमस्कार. दीड महिन्यापूर्वी भाड्याच्या घरात राहायला आले. किल्ली देतानाच मालकांनी सांगितलं, भिंतीत खिळा नको, रंग खराब व्हायला नको. त्यांचं बरोबरच आहे, घर त्यांचं. पण माझ्याकडे बाबांनी काढलेली जलरंगातली सहा चित्रं आहेत, काचेच्या फ्रेममध्ये. बाबा आता नाहीत. ती खोक्यात पडून आहेत हे मला बघवत नाही.

चिकटपट्ट्या आणल्या. पाकिटावर दोन किलो वजन लिहिलं होतं, माझी फ्रेम किलोभराचीही नाही. तरी तिसऱ्या रात्री फ्रेम खाली आली. काच फुटली, चित्र वाचलं. उचलून बघते तर पट्टी फ्रेमला घट्ट चिकटलेली, आणि तिच्यासोबत आलेला रंगाचा तळहाताएवढा पापुद्रा. भिंतीवर डाग पडलाय तो वेगळाच.

शिवाय हॉलची ट्यूबलाइट इतकी पांढरी आहे की संध्याकाळी घरात बसवत नाही. पडद्यांना रॉडही नाहीत. जाताना जसंच्या तसं परत करता येईल असं काय काय करता येईल?

खिडकीपाशी
पडद्यांपुरतं सांगतो. आत स्प्रिंग असलेला रॉड मिळतो, टोकांना रबर असतं. खिडकीच्या खोबणीत दोन बाजूंच्या मध्ये आडवा धरायचा आणि पिळून लांबवत घट्ट करायचा. माप वरच्या बाजूला घ्या, खोबणी वर-खाली सारखी असेलच असं नाही. रॉड शेवटपर्यंत ताणावा लागेल असा घेऊ नका, मधेच वाकतो. कापड हलकं हवं. जाड अस्तराचे पडदे माझ्याकडे दोनदा पडले, सुती पडदे तीन वर्षं जागचे हलले नाहीत.

नववं घर
ताई, काचेचं वाचून वाईट वाटलं. मी सतरा वर्षांत नऊ भाड्याची घरं बदलली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पट्टीला दोष देऊ नका. काळं फडकं घ्या, कोरडंच, आणि भिंतीवर चार वेळा घासा. पांढरी भुकटी आली तर तो साधा डिस्टेंपर किंवा चुना आहे. पट्टी त्या भुकटीला चिकटते, भिंतीला नाही. अशा भिंतीला दुतर्फी टेप, हुक, चिकटणारा वॉलपेपर, काहीच लावू नका. पाकिटावरचं वजन गुळगुळीत, घट्ट रंगासाठी असतं. फडकं स्वच्छ राहिलं तरच पट्टी लावायची. आधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, साबणाच्या पाण्याने नको, त्याचा थर राहतो. अर्धा मिनिट दाबून धरा, आणि फ्रेम तासाभराने अडकवा. काढताना स्वतःकडे ओढलंत की रंग आलाच. पट्टीचं शेपूट धरून भिंतीलगत सरळ खाली, सावकाश ताणत न्यायचं.

तुमची भिंत मात्र भुकटीची दिसते. तिथे वजन जमिनीवर आणा. माझ्याकडे कमरेएवढ्या उंचीचं, अगदी अरुंद लाकडी कपाट आहे, नऊही घरांत सोबत आलं. त्याच्यावर चित्रं भिंतीला टेकवून ठेवते, मोठी मागे, लहान पुढे, थोडी एकमेकांवर. फ्रेमच्या खालच्या कडेखाली न सरकणाऱ्या रबरी जाळीची पट्टी कापून घालते, म्हणजे दार आपटलं तरी घसरत नाहीत. खिळ्यावरचं चित्र आपण येता-जाता बघतो. टेकवलेलं चित्र हातात घेऊन बघतो. तुमच्या बाबांच्या चित्रांना हे शोभेल असं मला मनापासून वाटतं. फक्त थेट ऊन येतं तिथे ठेवू नका, जलरंग उडतात. ओल येणाऱ्या भिंतीलाही टेकवू नका, मागून बुरशी धरते.

आणि दिवा! बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे तुमच्या ट्यूबसारखा निळसर पांढरा, २७०० म्हणजे पिवळसर उबदार. ट्यूब तशीच राहू द्या, झाडूपोछा करताना लागते. २७०० चे दोन टेबललॅम्प बसल्यावर डोळ्यांच्या जरा खाली येतील असे ठेवा आणि संध्याकाळी तेवढेच लावा. इतक्या कमी खटपटीत घर बदलणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

किल्लीवाला
मी घर भाड्याने देतो, म्हणून दुसरी बाजू. डाग लपवू नका, आजच फोटो काढून मालकांना कळवा. आणि एकदा विचारून बघा. ड्रिलने पाडलेलं एक नीट भोक मला चालतं, लांबी म्हणजे पुट्टी भरून, पॉलिश पेपर मारून बोटाएवढ्या जागेत रंग लावला की झालं. पापुद्रा निघाला की कड दिसत राहते, मग बहुतेक वेळा अख्खी भिंत रंगवावी लागते. ‘खिळा नको’ म्हणताना हा फरक माझ्याही लक्षात नव्हता, एका भाडेकरूने दाखवला. हो म्हणाले तर कुठे आणि किती भोकं, ते लिहून घ्या.

कपाटांची हँडल बदलणार असाल तर दोन स्क्रूंमधलं अंतर मोजून तेवढ्याच अंतराची आणा, ९६ किंवा १२८ मिलिमीटर नेहमी मिळतात. जुनी हँडल स्क्रूसकट पिशवीत घालून त्याच कपाटात ठेवा.

सहा चित्रं
सगळ्यांचे आभार. फडकं घासलं, हॉलमध्ये पांढरंशुभ्र झालं. आतल्या खोलीत मात्र ऑइलपेंट आहे, तिथे काहीच आलं नाही. मालकांना डागाचा फोटो पाठवला. चिडले नाहीत, म्हणाले जाताना बघू. एका भोकाचं विचारलंय, उत्तर यायचंय.

तोवर हॉलमधलं पुस्तकांचं बुटकं कपाट खिडकीसमोरून हलवून आतल्या बाजूला घेतलं. पाच चित्रं त्यावर टेकवली आहेत, खाली रबरी जाळी. काच फुटलेलं सहावं नवी काच बसवायला दिलंय. काल पहिल्यांदाच ट्यूब न लावता बसले. नदीकाठच्या चित्रात डावीकडच्या कोपऱ्यात बाबांनी पेन्सिलीने तारीख घातली आहे. इतक्या वर्षांत ती मला दिसलीच नव्हती.