नोंद तुम्ही केली नाहीत तरी तुमचं दुकान नकाशावर असतंच

खानावळवाली (कोल्हापूर)
काल इथे एकाने लिहिलं: 'चव असेल तर गिऱ्हाईक आपोआप येतं. गूगलवर वेळा, फोटो, रिव्ह्यू सांभाळत बसणं म्हणजे परक्या कंपनीची फुकट हमाली.' त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मला राहवलं नाही.

सासूबाईंनी उभी केलेली खानावळ आहे आमची. २२ वर्षं झाली. चवीबद्दल मी बोलणार नाही, खाणारे बोलतात. गेल्या मे महिन्यात, ऐन सुट्टीच्या गर्दीत, कुणीतरी गूगल नकाशावरच्या आमच्या नोंदीला 'कायमचे बंद' अशी दुरुस्ती सुचवली आणि तिथे तसं दिसायला लागलं. आम्हाला नऊ दिवस पत्ता नाही. त्यात रविवार आला. सहा किलो मटण आणलेलं, दुपारी तीनला निम्मं पातेल्यात. कळलं कधी, तर सोलापूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "वहिनी, आजी बऱ्या आहेत ना? बंद का केलीत खानावळ?"

चव तीच होती हो. अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर पडलेला परगावचा माणूस फोन उघडतो आणि 'जवळची खानावळ' शोधतो. त्याला बंद दिसलं की तो चव बघायला कशाला येईल?

आता रोज कांदा चिरायला बसायच्या आधी पाच मिनिटं नोंद बघते. सोमवार बंद, सणाची सुट्टी, ताटाचा नवा फोटो, रिव्ह्यूला उत्तर. ही हमाली असेल तर दुकानासमोर झाडू मारणं पण हमालीच.

भांडीवाला, पुणे
ताई, तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटलं. पण माझं नोंद सांभाळूनच झालं! एक पोरगा आला, 'महिना ५ हजार, तीन महिन्यांत गूगलवर पहिला नंबर.' त्याने आमच्या नावापुढे 'स्टील पितळ तांबे होलसेल स्वस्त पुणे' अशी शेपटी जोडली. गूगलने नोंदच निलंबित केली. परत मिळवायला दीड महिना गेला, आणि त्या पोराचा फोन बंद.

आणि परक्याच्या जागेत घर बांधायचं कशाला? या नोंदीवरून गूगल फुकट वेबसाइट करून द्यायचं, ती मार्च २०२४ मध्ये बंद केली. गिऱ्हाइकाशी चॅटची सोय त्याच वर्षी जुलैअखेर बंद. उद्या आणखी काय काढतील सांगा.

नकाशेकर
भाऊ, शेपटी त्या पोराने लावली, तुम्ही लावू दिलीत. दुकानाच्या पाटीवर जे नाव तेच टाकायचं, हा नियम जुना आहे. गूगल स्वतःच सांगतं की शोधात कोण वर दिसणार हा क्रम तीन गोष्टींवर ठरतो: शोधाशी जुळणं, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि दुकानाची ख्याती. वरची जागा पैसे देऊन मिळत नाही. जाहिरात द्यायची तर ती वेगळी, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. 'पहिला नंबर देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. या नोंदीच्या सोयीचं 'गूगल माय बिझनेस' हे नाव २०२१ मध्येच जाऊन 'बिझनेस प्रोफाइल' झालं, तरी कार्डावर तेच छापून फिरणारे अजून भेटतात.

पाटी मराठीच
'पाटीवर जे नाव तेच' म्हणालात ना? मग सगळ्यांच्या नोंदी इंग्रजीत कशा? राज्याच्या दुकान कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी पाटी सक्तीची झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा कुठे पाट्या बदलल्या. रस्त्यावर मराठी आणि फोनवर इंग्रजी, ही लाज नाही?

हॉटेल लाइन
घ्या, आलं मराठीवर! साहेब, माझ्याकडे निम्मे गिऱ्हाईक बेळगाव, गोवा, हैदराबादचे. त्यांनी देवनागरी वाचत बसायचं का?

पाटी मराठीच
हैदराबादचा माणूस हिंदी वाचतो, देवनागरीच असते ती. आणि मी फोनवर इंग्रजी अक्षरांत टाइप केलं तरी देवनागरी नावाची दुकानं येतात, करून बघा. तुम्ही इंग्रजीत लिहिता म्हणून 'मिसळ'मध्ये एस एक की दोन यावर अख्खं गाव भांडतं. खानावळीचं 'खानावल' होतं. स्वतःच्या दुकानाच्या नावातला ळ तुम्हाला सांभाळता येत नाही आणि रिव्ह्यू सांभाळायला निघालात?

हॉटेल लाइन
आवाज खाली. माझ्या बापाने मराठी पाटी लावली तेव्हा कायदा नव्हता. मला मराठी शिकवू नका. भाडं, गॅस, पगार मी भरतो.

बार्शीची सून
दोघं थांबा जरा. आमचं शिवणकामाचं दुकान. नाव मराठीत ठेवलं, खालच्या माहितीत इंग्रजीतही लिहिलं की ब्लाउज, फॉल-पिको होतं. कुणाचं काही अडलं नाही. मला जाच आहे रिव्ह्यूचा. एका बाईंनी तयार ब्लाउज हातात घेतला आणि म्हणाल्या, शंभर रुपये कमी करा, नाहीतर एक स्टार देते. नाही केले कमी. दिला एक स्टार.

भांडीवाला, पुणे
हेच म्हणतोय मी! ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानकही निघालं, आयएस १९०००, २०२२ साली. तेव्हा ते ऐच्छिक होतं. तुमच्या ब्लाउजला त्याचा काय उपयोग?

खानावळवाली (कोल्हापूर)
सूनबाई, उत्तर लिहा. भांडू नका. 'माप अमुक दिवशी घेतलं, कपडा तपासून दिला, काही राहिलं असेल तर घेऊन या, दुरुस्त करून देते.' ते त्या बाईसाठी नाही, नंतर वाचणाऱ्यासाठी. आमच्याकडे 'पांढरा रस्सा पाणचट' असं एकाने लिहिलं होतं. त्या दिवशी खरंच नारळाचं दूध कमी पडलं होतं, मी तसंच लिहिलं. पुढच्या आठवड्यात एकजण ते वाचूनच आला. आणि 'पाच स्टार द्या, सोलकढी फुकट' असलं काही करू नका. नियमात बसत नाही, आणि आपल्या ताटालाही शोभत नाही.

भांडीवाले भाऊ, वेबसाइट गेली, चॅट गेलं, हे तुमचं खरं आहे. जागा आपली नाही. म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नंबर मी वहीत लिहून ठेवते. पण त्या जागेवर आपलं नाव आपण नाही बघितलं तर दुसरा कुणीतरी बदलतो, ते नऊ दिवस मी विसरणार नाही.

हॉटेल लाइन
नाव इंग्रजीतच राहील. पण आता नोंद उघडून बघितली, ळ चा ल आहे खरा. आणि मंगळवारी आम्ही बंद असतो, तिथे चालू दाखवतंय.

भांडीवाला, पुणे
मुलीला बसवलंय फोन घेऊन. दुपारी एक ते चार बंद, हे कुणी टाकलंच नव्हतं आमच्याकडे. ते टाकतोय. त्यापुढे काही करणार नाही, आणि त्या ५ हजारवाल्यांपैकी परत कुणी आला तर दुकानाची पायरी चढू देणार नाही.