मदत हवी आहे: सिस्प्लॅटिन या कॅन्सरच्या औषधाचा आयसी-५० (पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा) स्थिर येत नाही

पिपेटपंत: अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या पेशी, ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट, ४८ तास औषध, मग एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी). आयसी-५० कधी ५ मायक्रोमोलर, कधी ३०. रीडर (रंग मोजणारं यंत्र) ठीक, औषध नवं. सोमवारी आकडे द्यायचेत, लवकर सांगा.

अगार: कुठली सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेला पेशींचा वाण)? वेलमध्ये पेशी किती? औषध कशात विरघळवलं?

पिपेटपंत: १०,०००. डीएमएसओ, सगळ्या औषधांसारखंच.

निळी_शाई: तिथंच माशी शिंकली. डीएमएसओतलं गंधक प्लॅटिनमला चिकटतं, क्लोराइडला हुसकावतं आणि औषध निकामी होत जातं. द्रावण जितका वेळ पडून, तितका आकडा हलणार. ०.९% सलाइनमध्ये १ मिग्रॅ/मिली करा (सुमारे ३.३ मिलिमोलर), उजेडापासून झाका, त्याच दिवशी संपवा. फ्रिजमध्ये नको, साका बसतो. कंट्रोललाही (औषध नसलेल्या वेललाही) तेवढंच सलाइन.

मधुमालती: मायकोप्लाझ्मा (पेशींच्या कल्चरला लागणारा सूक्ष्म जिवाणू) तपासलात? तो असेल तर एमटीटीचा काही भरवसा नाही. आधी पीसीआर (डीएनए शोधायची चाचणी) करा.

निळी_शाई: प्रत्येक धाग्यावर मायकोप्लाझ्मा! इथं पेशीच जास्त झाल्यात. ४८ तासांत कंट्रोल वेल गच्च भरते नि वाढ मंदावते. ३ ते ५ हजार टाका, कडेच्या वेलमध्ये नुसतं पीबीएस (क्षारांचं साधं द्रावण).

अगार: सेल लाइन राहिलीच.

पिपेटपंत: ईसीए-१०९. शेजारच्या लॅबनं दिली.

अगार: मग अन्ननलिका विसरा. ईसीए-१०९ म्हणून फिरणारी लाइन तपासणीत हेला (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लाइन) निघाली आहे, ईसी-९७०६ सुद्धा. हेलात एचपीव्ही-१८ विषाणूचा डीएनए असतो, त्याचा पीसीआर एका दिवसात होतो.

मधुमालती: अन्ननलिकेच्या गाठींत एचपीव्ही सापडल्याचे पेपर आहेत की.

अगार: म्हणून तो पीसीआर फक्त संशयापुरता. निकाल एसटीआरचा (पेशींची ओळख पटवणारा डीएनएचा ठसा). सेलोसॉरसवरच्या (सेल लाइनच्या ऑनलाइन सूचीवरच्या) प्रोफाइलशी ८०% किंवा जास्त जुळायला हवं.

लॅबकोट: ओई-३३ घ्या, कटकट नाही.

निळी_शाई: ती ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर). ईसीए-१०९ च्या जागी स्क्वॅमसच (अस्तराच्या चपट्या पेशींची) हवी. केवायएसई-१५० आणा: आरपीएमआय आणि हॅम्स एफ-१२ (पेशी वाढवायची माध्यमं) निम्मं-निम्मं, सीरम २%. हाताच्या सवयीनं १०% घालू नका.

लॅबकोट: टीई-७ पण ॲडिनोच ना?

अगार: २००७ मध्ये स्क्वॅमस ठरली. अन्ननलिकेची म्हणून फिरणारी एसईजी-१ तर फुफ्फुसाची निघाली, एनसीआय-एच४६०.



 

पिपेटपंत: म्हणजे आतापर्यंतचे आकडे वाया?

अगार: एसटीआर हेला म्हणालं तर हेलाचे म्हणून ठेवता आले असते. डीएमएसओमुळे तेही नाही.