मदत हवी आहे: हिब्रूतला 'कर्पस' आणि आपला कापूस

मंडळी, एका शब्दाने डोकं खाल्लंय. ठाण्यात मैत्रिणीकडे, ती बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडची मराठी ज्यू, वल्हांडणाच्या (पासओव्हरच्या) सणाला जेवायला गेलो होतो. ताटात हिरवी भाजी असते ना, मिठाच्या पाण्यात बुडवून खातात ती, तिला म्हणे कर्पस. ठीक. पण बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात, पहिल्याच अध्यायात, इराणी राजाच्या शूशनच्या राजवाड्यातल्या मेजवानीचं वर्णन आहे तिथे पांढऱ्या पडद्यांच्या कापडालाही कर्पसच म्हटलंय, आणि स्पेलिंगही तेच!

कापडवाला तर आपलाच निघाला, संस्कृत कर्पास, म्हणजे कापूस, इराणमार्गे तिकडे गेलेला. भाजीवाला मात्र फारसीतल्या करफ्सच्या जवळचा वाटतो, म्हणजे सेलरी. मग हे दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले का मुळात काही नातं आहे?

दुसरं, त्याच रात्री 'हा लहमा अन्या' म्हणतात, ही दैन्याची भाकर, ते अरामीमध्ये (हिब्रूच्या जवळची जुनी भाषा) आहे आणि बाकी बरंचसं हिब्रूत. भाकरीला हिब्रूत लेहेम (बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर), अरामीत लहमा, आणि अरबीत लहम म्हणजे चक्क मांस!! मूळ अर्थ नुसता 'खाणं' असा होता का?

हिब्रू, अरामी किंवा जुनी फारसी शिकलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा, आणि एखादी चांगली डिक्शनरी पण सुचवा, मला हिब्रू अक्षरं जेमतेम लावता येतात हे लक्षात घेऊन.