क्वेकरांची सचोटी आणि आमच्या फीडरची लाईट

काळी माती (परभणीजवळ):
परवा इथं पुण्याच्या एका मॅनेजर साहेबांनी लिहिलं की घरून काम करणाऱ्यांनी क्वेकरांकडून, म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडात निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांकडून, सचोटी शिकावी. माऊस हलवणारं यंत्र लावून चॅटवरचा "कामावर हजर" असा हिरवा ठिपका पेटता ठेवणं म्हणजे असत्य. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

क्वेकर कोर्टात शपथ घेत नव्हते, हे साहेबांनी कौतुकानं सांगितलं. कारण गाळलं. शपथेवर खरं बोलायचं तर एरवी खोटं चालतं असा अर्थ निघतो, म्हणून नकार. त्यापायी ते तुरुंगात गेले. शेवटी १६९६ साली कायद्यानं त्यांचा साधा शब्द शपथेऐवजी चालवून घेतला. आता सांगा, दर दहा मिनिटाला माझ्या स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर म्हणजे काय? आठ तासांत अठ्ठेचाळीस शपथा! मग सचोटी कुणी शिकायची?

आमच्याकडं अकराला गेलेली लाईट तीनला येते. मोबाइलच्या नेटवर ठिपका तेवढा हिरवा राहतो, सर्व्हरवरचं काही उघडत नाही. रात्री दोनपर्यंत बसून काम पुरं करायलो मी. पण दुपारी ठिपका पिवळा पडला की मेसेज. म्हणून एक्सेल उघडी ठेवून यंत्र लावलं. हो, लावलं.

गोदाकाठ (नांदेड):
कबूल केलंस, बरं झालं. पण क्वेकर असता तर "चार तास लाईट नाही, रात्री करतो" असं सरळ लिहून मोकळा झाला असता आणि पुढचं भोगलं असतं. ते जेलात गेले, तुला अप्रेझल सोडवेना.

काळी माती:
तुझ्याकडं इन्व्हर्टर आहे. बोल तू.

गोदाकाठ:
हप्ते चालू आहेत त्याचे. तुला कामून राग यायला?

उजनीचं पाणी (लातूर):
लाईटवरून भांडू नका, मुद्दा समतेचाही आहे. क्वेकर राजापुढंही टोपी काढत नव्हते, सगळ्यांना "तू" म्हणायचे. मी क्लायंटसमोर आमच्या साहेबांना नुसत्या नावानं हाक मारली तर नंतर अर्धा तास बौद्धिक! वर म्हणे आपल्याकडं सगळे सारखे.

रिटायर मास्तर (अंबाजोगाई):
"तू" म्हटलं की समता आली का? त्या काळच्या इंग्रजीत वरच्याला एक सर्वनाम, खालच्याला दुसरं. क्वेकरांनी सगळ्यांना खालचंच लावलं. ते तिथं ठीक. माझ्या बापाला साठाव्या वर्षी वरच्या आळीची मिसरूड न फुटलेली पोरं "अरे" म्हणायची. त्याला पहिल्यांदा कुणीतरी "अहो" म्हटलं त्या दिवशी तो घरी येऊन दोनदा सांगत बसला. आमची समता "अहो"तून आली. वारीत बघा, लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात.

उजनीचं पाणी:
मास्तर, पण विठोबाला तुम्ही "अरे"च म्हणता ना?

रिटायर मास्तर:
विठोबा टाइमशीट मागत नाही.

तेरणाकाठची (धाराशिव):
तुमचं अहो-अरे आटोपलं असेल तर बोलते. आमच्या कॉलवर सगळे अहो, मी एकटी "अगं, मिनिट्स तू लिही". क्वेकरांच्या बैठकीत मतदान नसतं. ठराव तिथंच लिहून वाचून दाखवतात, सगळ्यांना पटला तरच पक्का. लिहिणारा मोठा मानाचा. मधेमधे शांत बसतात ते ऐकण्यासाठी. आमची शांतता म्यूटची. मागं एका जोडीदारणीला कमी करायचं ठरलं, बाळंतपणाहून येऊन तिला दोन महिनेही झाले नव्हते. "कुणाची हरकत?" सगळे गप्प. मिनिट्समध्ये "सर्वानुमते" मी माझ्या हातानं लिहिलं. कसला माऊस घेऊन बसलात?

पुणेकर (मूळ पोस्टवाला):
हे वाईट आहे, मान्य. पण चांगले मालकही क्वेकरच होते. चॉकलेटवाल्या कॅडबरींनी इंग्लंडात बोर्नव्हिलला कामगारांना घरं...

काळी माती:
घरं बांधली, कोको कुठून आणला? आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावरच्या मळ्यांतली गुलामी त्यांच्या कानावर १९०१ ला आली, खरेदी थांबली १९०९ ला. त्यावर लिहिणाऱ्या पेपरावर अब्रूनुकसानीचा दावा लावला, जिंकलेही. ज्युरीनं भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा पाव.

पुणेकर:
त्या आठ वर्षांत ते चौकशीच करत होते. माझ्या टीमवरही ते स्क्रीनशॉट वरून आलेत. बंद करणं माझ्या हातात नाही.

काळी माती:
वा! मग आठ वर्षं चौकशी करा. हरकत तरी लेखी द्या.

पुणेकर:
देतो. यंत्र काढा मग तुम्ही.

गोदाकाठ:
काढलंस का रे?

काळी माती:
काढलं बाबा. आज अकराला मेल टाकली, लाईट गेली, तीननंतर बसतो. उत्तर नाही. लाईट आल्यावर पहिला फोटो निघाला, त्यात तीच मेल उघडी.