लोफोटेन: बोट कुठली घ्यावी आणि डोंगर कुठला चढावा?

सागरवेडी:
नमस्कार मंडळी, जूनच्या शेवटी नॉर्वेत लोफोटेन बेटांवर जायचं ठरतंय, मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई चालायला अजिबात दमत नाहीत, आमच्या पुढेच असतात, पण त्यांना बोट लागते. मुख्य भूमीवरच्या बोडोहून बेटांवरच्या मॉस्केनेसला फेरीबोटीने जायचं, मग ट्रोलफ्योर्डची (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची खाडी) बोट ट्रिप आणि एखादा ट्रेक असा विचार आहे. सगळीकडे राइने गावावरच्या राइनेब्रिंगेन डोंगराचेच फोटो दिसतात, तो त्यांना झेपेल का? आणि ट्रोलफ्योर्डला स्पीडबोट बरी की मोठी? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

उत्तरवारा:
स्पीडबोट नको, सरळ सांगतो. स्वोल्व्हारहून ज्या फुगवलेल्या कडांच्या बोटी सुटतात त्या लाटेवर आपटत जातात, पाठीचा त्रास असेल तर फार वाईट, आणि एवढ्या वेगात बघणार काय? त्याच गावातून मोठ्या, बंद केबिनच्या बोटी निघतात, काही बॅटरीवर चालणाऱ्या आहेत, फ्योर्डात शिरल्यावर इंजिनाचा आवाज जवळजवळ नसतोच. ट्रोलफ्योर्ड लांबीला जेमतेम २ किलोमीटर आणि तोंडाशी साधारण १०० मीटर रुंद, दोन्ही बाजूंनी उभे कडे, तिथे शांतपणे डेकवर उभं राहायला मिळणं हीच तर मजा आहे ना. समुद्री गरुड दिसतात, पंख पसरले की दोन मीटरच्या वर भरतात. जून असला तरी टोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट हवंच, पाण्यावर गारठा वेगळाच असतो.
आणि तारीख आधीपासून पक्की करू नका, जमलं तर. तिकडे सगळे यर नावाचं हवामानाचं अ‍ॅप बघतात, त्यात वारा कमी असेल तो दिवस बोटीला ठेवा, ढगाळ पण वारा नसलेला दिवससुद्धा चालतो.

पायवाट_पाहणारा:
राइनेब्रिंगेनबद्दल. उंची ४४८ मीटर, ऐकायला किरकोळ वाटते पण चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो आणि सगळा सरळ अंगावर येणारा आहे. पूर्वी घसाऱ्याची वाट होती, आता नेपाळी शेर्पांनी दगडी पायऱ्या बांधल्यात, दोन हजारांच्या आसपास. दम टिकतो, गुडघे बोलायला लागतात ते उतरताना, आणि पाऊस पडून गेला असेल तर जाऊच नका. जूनमध्ये तिथे रात्री सूर्य मावळतच नाही त्यामुळे रात्री नऊ-दहाला चढलात तर गर्दीही कमी मिळते.
पण सासूबाई बरोबर आहेत तर मी ब्यूनेसचा किनारा सुचवीन. राइनेहून छोटी बोट विन्स्टाडला जाते, फ्योर्डातलं पाणी बरंच शांत असतं, उतरलं की थोडं पाण्याकडेने मग एक लहानशी खिंड, साधारण तासाभरात पलीकडे मोठ्ठा वाळूचा किनारा आणि समोर उघडा समुद्र. बोट आणि चालणं एकाच दिवसात होतं, माझ्या मते लोफोटेनचा खरा दिवस हाच. फक्त परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून घ्या, विन्स्टाडला रस्ता नाहीये, बोट चुकली की तिथेच मुक्काम. खायचं-प्यायचंही सोबत न्या.

दर्यावर्दी_ताई:
बोट लागते त्याचं बघा आधी, कारण खरा त्रास ट्रोलफ्योर्डला नाही, बोडो ते मॉस्केनेस फेरीत होऊ शकतो. साडेतीन तासांच्या आसपास उघडा वेस्टफ्योर्ड ओलांडायचा असतो. गोळी निघायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. जहाजाच्या मधोमध खालच्या मजल्यावर बसवा, नजर क्षितिजावर, मोबाइल बंद, आणि पोट अगदी रिकामं नको.
दुसरा रस्ता म्हणजे बर्गेन ते किर्केनेस जाणारं किनाऱ्याचं जहाज, १८९३ पासून चालू असलेली लाइन आहे. ते बोडोहून दुपारी सुटून रात्री स्वोल्व्हारला पोचतं. वेळ जास्त लागतो, तिकीटही लागतं, पण मोठं जहाज असल्याने हलणं कमी जाणवतं. सासूबाईंसाठी मी हेच घेईन.

सागरवेडी:
खूप आभार सगळ्यांचे! ताई, मग जाताना मोठं जहाज, स्वोल्व्हारला दोन रात्री म्हणजे ट्रोलफ्योर्डला वाऱ्याप्रमाणे दिवस निवडता येईल, आणि नंतर राइनेला मुक्काम. सासूबाईंना ब्यूनेसचं सांगितलं, त्या म्हणतात पायऱ्यापण चढायच्यात :) बघू, पाऊस नसेल तर नवरा आणि त्या जातील. राइनेहून विन्स्टाडच्या बोटीला आधी बुकिंग लागतं का, की धक्क्यावर जाऊन तिकीट मिळतं?

पायवाट_पाहणारा:
गर्दीचे दिवस आहेत, आधीच करा. आणि सकाळची पहिली बोट धरा.