कॉक्लिअर इम्प्लांटचा खर्च आरोग्य विम्यातून मिळतो का?

अमळनेरकर_बाबा यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या अडीच वर्षांच्या मुलाला दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, हे नुकत्याच झालेल्या बेरा चाचणीतून (आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणारी चाचणी) स्पष्ट झाले. श्रवणयंत्र लावून पाहिले, परंतु त्याचा पुरेसा उपयोग होत नसल्यामुळे डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांटची (कानाच्या आत बसवायच्या ऐकण्याच्या उपकरणाची) शस्त्रक्रिया सुचवली असून एका कानाचा खर्च सुमारे आठ लाख रुपये सांगितला आहे.

आमच्या कुटुंबाची पाच लाखांची फ्लोटर (संपूर्ण कुटुंबासाठी मिळून एकच रक्कम असलेली) पॉलिसी लग्नानंतर घेतलेली आहे आणि मुलगा तीन महिन्यांचा झाल्यावर त्याचे नाव तिच्यात घातले. तेव्हापासून हप्ता कधीही चुकलेला नाही. याशिवाय जळगाव एमआयडीसीतील ज्या कारखान्यात मी नोकरीला आहे, तेथील सामूहिक पॉलिसीतही पत्नी व मुलाचे नाव आहे. विमा कंपनीच्या टीपीएकडे (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) फोनवर चौकशी केली असता ‘कानाचे मशीन पॉलिसीत बसत नाही आणि शिवाय हा आजार जन्मापासूनचा आहे’ असे उत्तर मिळाले. लेखी मात्र काहीही दिलेले नाही. हे उत्तर अंतिम समजावे काय? विमा मिळणार नसेल तर खान्देशातील माणसाने कोणत्या दाराशी जावे?

---

निवृत्त_विमावाला, भुसावळ

भाऊ, फोनवर मिळालेले उत्तर हे उत्तरच नव्हे. टीपीएच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला दावा नाकारण्याचा अधिकार नसतो. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय कोणताही दावा नाकारता येत नाही, आणि नाकारल्यास पॉलिसीतील नेमक्या कलमाचा उल्लेख करून कारण कळवावे लागते. म्हणून रुग्णालयामार्फत रीतसर पूर्वमंजुरीचा अर्ज पाठवा आणि जे काही उत्तर येईल ते लेखी येऊ द्या.

आता त्यांनी सांगितलेली दोन्ही कारणे वेगवेगळी तपासू. ‘मशीन बसत नाही’ या कारणासाठी पॉलिसीची छापील प्रत उघडून वगळलेल्या खर्चांची यादी शब्दशः वाचा. अनेक जुन्या पॉलिसींमध्ये चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र यांच्या रांगेतच कॉक्लिअर इम्प्लांटचेही नाव स्पष्टपणे घातलेले असते. तसे असेल तर त्या पॉलिसीतून फारशी आशा धरू नका. परंतु तेथे फक्त ‘श्रवणयंत्र’ एवढेच लिहिलेले असेल, तर गोष्ट वेगळी आहे. श्रवणयंत्र कानावर लावायचे आणि काढून ठेवायचे असते, तर इम्प्लांटमधील इलेक्ट्रोड शस्त्रक्रियेने कानाच्या आतील शंखाकृती भागात बसवला जातो. पेसमेकर किंवा गुडघ्याचा कृत्रिम सांधा ज्या न्यायाने मंजूर होतो, तोच न्याय येथे मागता येतो. कलमात जे लिहिलेले नाही, ते कंपनीने मागाहून त्यात वाचू नये.

‘जन्मापासूनचा आजार’ हे दुसरे कारण तर मला अधिकच कच्चे वाटते. जन्मजात दोषांचे बाह्य आणि आंतरिक असे दोन प्रकार विमा नियमांनी केले आहेत. जो दोष शरीराच्या डोळ्यांना दिसणाऱ्या भागात असतो तो बाह्य, आणि तसा नसतो तो आंतरिक. आतल्या कानातील बहिरेपण कोणाच्या डोळ्यांना दिसते? सप्टेंबर 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनी आंतरिक जन्मजात आजार आणि आनुवंशिक आजार सरसकट वगळण्यास मनाई केली आहे.

राहिला आधीपासून असलेल्या आजाराचा मुद्दा. पॉलिसी सुरू होण्याच्या आधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचे निदान केले, किंवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला वा उपचार दिला, तोच आजार नियमाच्या व्याख्येनुसार ‘आधीचा’ ठरतो. दोष कधीपासून होता यापेक्षा निदान कधी झाले याला तेथे वजन आहे. तुमच्या मुलाचे नाव तिसऱ्या महिन्यात घातले आणि बेरा आत्ता झाली, हे तुमच्या बाजूचे आहे. मात्र जन्माच्या वेळी रुग्णालयात कानाची प्राथमिक चाचणी होऊन ‘पुढे तपासा’ असा शेरा पडलेला असेल, तर कंपनी त्याच कागदावर बोट ठेवील. म्हणून प्रसूतीच्या वेळची फाईल आधी स्वतः पाहून घ्या. आजार ‘आधीचा’ ठरलाच, तरी 2024 पासून त्यासाठीचा प्रतीक्षा कालावधी (त्या आजाराचा दावा न मिळण्याचा सुरुवातीचा काळ) जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे.

एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. त्याच 2019 च्या सूचनांमध्ये, विमा घेताना आधीपासून असलेले जे ठरावीक आजार ग्राहकाच्या संमतीने कायमचे वगळता येतात, त्यांच्या यादीत श्रवणदोषाचाही समावेश आहे. त्यामुळे आता घाईघाईने नवी पॉलिसी घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका, आणि निदान लपवून तर मुळीच घेऊ नका. जी पॉलिसी चालू आहे ती खंडित होऊ देऊ नका.

---

ऑडिओलॉजिस्ट_धुळे

वरील सल्ला कागदाच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु माझ्या मते या प्रश्नात विम्यापेक्षा वयाचे महत्त्व अधिक आहे. ज्या मुलाने कधी आवाज ऐकलेलाच नाही, त्याच्या मेंदूतील भाषा शिकण्याची क्षमता पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते, आणि शासकीय योजनांच्या वयोमर्यादाही त्याच आधारावर ठरलेल्या आहेत. विमा कंपनीशी पत्रव्यवहार चालू असतानाच पुढील अर्ज समांतर करावेत, एकाचा निकाल लागेपर्यंत दुसरा थांबवू नये.

केंद्र शासनाच्या एडीआयपी (दिव्यांगांना साहाय्यक उपकरणे देणाऱ्या) योजनेत जन्मतः श्रवणदोष असलेल्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी इम्प्लांट दिले जाते. मासिक उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असल्यास पूर्ण आणि 30,000 रुपयांपर्यंत असल्यास निम्मे साहाय्य मिळते. मुंबईतील वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाची मध्यवर्ती यंत्रणा असून अर्ज ऑनलाइन करता येतो. दुसरा मार्ग राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आहे. अंगणवाड्या व शाळा तपासणारी जी पथके गावोगाव फिरतात ती याच कार्यक्रमाची, आणि जन्मजात बहिरेपण त्यांच्या आजारांच्या यादीत आहे. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र निदान व उपचार केंद्रात नोंद केल्यास तेथून पुढे पाठवले जाते. मुख्यमंत्री साहाय्यता निधीच्या यादीतही दोन ते सहा वर्षे वयासाठी ही शस्त्रक्रिया आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्याची माहिती अनेक पालक विचारतात, पण तो स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. केवळ श्रवणदोषाला तो लागू नाही.

पालकांना सहसा कोणी न सांगणारी गोष्ट अशी की विमा मिळाला तरी तो शस्त्रक्रियेपुरता असतो. त्यानंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू केले जाते, मग वारंवार मॅपिंग (यंत्राचा आवाज मुलाला जुळवून घेणे) आणि किमान दोन-तीन वर्षे नियमित वाचा व श्रवण प्रशिक्षण द्यावे लागते. बाहेरचा प्रोसेसर (आवाज टिपून आतल्या भागाला पोहोचवणारे यंत्र), त्याची वायर, कॉइल, बॅटरी हे सर्व झिजते किंवा मोडते, आणि काही वर्षांनी प्रोसेसरच बदलावा लागतो. हा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत. म्हणून इम्प्लांट निवडताना किमतीबरोबरच हमीची मुदत किती आणि दुरुस्तीचे केंद्र नाशिकला आहे की मुंबईलाच जावे लागेल, हे विचारा. अमळनेरहून दर वेळी मुंबई गाठणे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि रात्रीचा प्रवास, याचा हिशेब रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात कधीच नसतो.

---

शहाद्याची_आई

दादा, आमच्या मुलीच्या वेळी कंपनीने शस्त्रक्रिया आणि आतला भाग मंजूर केला, पण बाहेरचा प्रोसेसर ‘बाह्य उपकरण’ म्हणून कापला. वास्तविक दोन्ही भाग एकाच संचात येतात आणि एकावाचून दुसऱ्याचा काहीच उपयोग नसतो. आम्ही उत्पादकाच्या बिलाची प्रत, संचावरील क्रमांकाचे स्टिकर आणि शल्यचिकित्सकांचे ‘बाह्य भागाशिवाय इम्प्लांट कार्य करू शकत नाही’ असे पत्र जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. त्यांनी नकार कायम ठेवल्यावर विमा लोकपालांकडे गेलो, आणि कापलेल्या रकमेचा बराचसा भाग मिळाला. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी लोकपालांचे कार्यालय पुण्याला आहे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. ते पत्र शस्त्रक्रियेच्या आधीच घेऊन ठेवा, नंतर डॉक्टरांच्या मागे फिरावे लागते.

---

अमळनेरकर_बाबा

सर्वांचे मनापासून आभार. पॉलिसी वाचली. फ्लोटर पॉलिसीत ‘श्रवणयंत्र’ एवढाच शब्द आहे. कारखान्याच्या सामूहिक पॉलिसीत आधीच्या आजारांचा प्रतीक्षा कालावधी माफ असून कॉक्लिअर इम्प्लांटचा स्वतंत्र उल्लेख आहे, पण खर्चाच्या निम्मी रक्कमच देय आहे आणि विम्याची एकूण मर्यादा तीन लाख आहे. माझा पगार 27,000 रुपये आहे, त्यामुळे कर्मचारी राज्य विमाही (ईएसआय, ठरावीक पगारापर्यंतच्या कामगारांसाठीचा विमा) लागू नाही आणि एडीआयपीतही निम्मेच साहाय्य मिळेल असे दिसते. जन्माच्या वेळी कानाची चाचणी झालेली नव्हती. दोन्ही पॉलिसींत दावा करता येतो का?

---

निवृत्त_विमावाला, भुसावळ

करता येतो. कोणत्या पॉलिसीत आधी दावा करायचा हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे, आणि तेथे न भागलेली रक्कम दुसऱ्या पॉलिसीतून मागता येते. फक्त एकूण मिळालेली रक्कम प्रत्यक्ष खर्चापेक्षा अधिक होता कामा नये. तुमच्या बाबतीत सामूहिक पॉलिसी आधी वापरावी, कारण तेथे इम्प्लांटचे नाव लिहिलेलेच आहे आणि वाद उद्भवण्याचे कारण नाही. तिच्या मंजुरीचे पत्र आणि बिलांच्या साक्षांकित प्रती घेऊन उर्वरित रकमेसाठी फ्लोटरकडे जा. एका कंपनीने हीच शस्त्रक्रिया रुग्णालयातील उपचार म्हणून मान्य केल्याचा कागद दुसरीपुढे ठेवता आला तर बरे. एडीआयपीतून निम्मे साहाय्य मिळाल्यास मात्र तेवढी रक्कम दाव्यातून वगळा आणि तसे स्पष्ट नमूद करा.

नोकरी बदलण्याचा विचार असेल तर शस्त्रक्रिया होऊन दावा निकाली निघेपर्यंत तो लांबणीवर टाका. राजीनाम्याबरोबर सामूहिक पॉलिसीतील मुलाचे संरक्षणही संपते. पूर्वमंजुरीच्या अर्जात ‘श्रवणयंत्र’ हा शब्द कोठेही येऊ नये, हे रुग्णालयाच्या विमा कक्षाला बजावून सांगा. ‘दोन्ही कानांचा जन्मजात अतितीव्र संवेदी-चेतासंस्थीय श्रवणदोष, त्यासाठी कॉक्लिअर रोपण शस्त्रक्रिया’ असेच लिहवून घ्या, आणि अर्ज पाठवण्यापूर्वी त्याची प्रत स्वतः वाचा.